अवकाश संशोधन आणि खारभूमीचा शेतकरी

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील उलवे हे खाडीकाठचे गाव होय. येथील खाजणांत पूर्वी पावसाळ्यात भात पिकत असे आणि परिसरातील मिठागरांत उन्हाळ्यात मीठ तयार होत असे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. पुढे उलव्याची टेकडी फोडली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला आणि त्या जागी उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. आज उलव्यात भाताच्या खाचरांपेक्षा इमारतींची संख्या अधिक आहे. परंतु उरण, पनवेल, पेण आणि अलिबाग या तालुक्यांत खाडीच्या कडेने अद्यापही खारभूमीची शेती टिकून आहे आणि उधाणाच्या भरतीला बांध फुटण्याचे भय तेथील शेतकऱ्याला आजही आहे.

अशा शेतकऱ्यासमोर अवकाश संशोधनाचा विषय काढला तर तो सहजच विचारतो, "अग्निबाण आकाशात गेला, पण माझा बांध येथे फुटला, त्याचे काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केंद्र शासनाने २०२५-२६ या वर्षासाठी अवकाश विभागाकरिता सुमारे १३,४०० कोटी रुपयांची तरतूद केली. हा पैसा जनतेचा आहे. तेव्हा त्यातून खाजणाच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात काय पडते, आणि जे पडावयास हवे ते पूर्णपणे पडावे म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने काय केले पाहिजे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या कार्याचा प्रारंभ

आपल्या देशातील अवकाश संशोधनाचा प्रारंभही समुद्रकाठच्या एका गावात झाला. केरळातील थुंबा हे मच्छीमारांचे गाव होते. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्यामुळे ते वरच्या वातावरणाच्या अभ्यासास सोयीचे होते. तेथील ग्रामस्थांनी आपली जागा सोडली, चर्चची इमारत शास्त्रज्ञांचे कार्यालय बनली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. तो अग्निबाण अमेरिकेतून आणलेला होता. डॉ. विक्रम साराभाई यांनी या कार्याचा हेतू आरंभापासूनच स्पष्ट ठेवला होता. मोठ्या राष्ट्रांशी चढाओढ करणे हा तो हेतू नव्हता. हवामान, दळणवळण, शिक्षण आणि शेती या लोकांच्या गरजांसाठी नव्या विद्येचा उपयोग व्हावा, अशी त्यांची दृष्टी होती. १५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, स्थापन झाली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. दुरून संवेदन करून जमिनीची माहिती मिळविण्याचा आपल्या देशातील पहिला प्रयोग शेतकऱ्यासाठीच झाला. १९७० मध्ये केरळातील माडांच्या मूळकुज रोगाचा शोध घेण्यासाठी डॉ. पिशारोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरणांना प्रतिसाद देणाऱ्या फिल्मवर छायाचित्रे घेतली आणि त्यावरून रोगी व निरोगी झाडे वेगळी ओळखता येतात हे दाखविले. हे पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते.

महाराष्ट्राचा या कार्यातील वाटाही थोडा नाही. डॉ. वसंत गोवारीकर यांनी अग्निबाणाचे घन इंधन देशात तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व केले आणि १९७९ ते १९८५ या काळात ते थुंब्याजवळील विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. पुढे १९८८ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली सोळा घटकांवर आधारलेली मान्सूनच्या अंदाजाची पद्धत तयार झाली. त्यानंतर त्यांनी सहकाऱ्यांसमवेत खतांविषयीचा कोशही सिद्ध केला. एकाच व्यक्तीच्या हातून अग्निबाणाचे इंधन, पावसाचा अंदाज आणि खतांचा कोश ही तीन कामे व्हावीत, यावरून अवकाशविद्या आणि शेती यांचे नाते किती जवळचे आहे हे दिसून येते. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे साखर कारखान्यांची यंत्रे घडविणाऱ्या कारखान्यानेच पुढे इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी आवरणे तयार केली. ऊस गाळणाऱ्या यंत्रांवर ज्यांचा हात बसला, त्या कारागिरांचे कसब अशा रीतीने अवकाशाच्या कामी आले.

आपल्या जिल्ह्यातील जुनी वेधशाळा

अवकाशाच्या अभ्यासासाठी रायगडकरांना दूर पाहण्याची गरज नाही. उलव्यापासून चार-पाच कोसांवर नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची परंपरा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपासून चालत आली आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्या विजेमुळे चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून, नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत, १९०४ पासून अलिबाग येथे नोंदी घेण्यास सुरुवात झाली. तेथील इमारतीच्या बांधकामात लोखंड टाळण्यात आले. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या नोंदी आज जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात.

याचा शेतीशी संबंध काय, असे कोणी विचारील. सूर्यावर मोठी खळबळ झाली म्हणजे पृथ्वीभोवती चुंबकीय वादळ होते व उपग्रहांकडून येणारे संदेश विस्कळीत होतात. १० व ११ मे २०२४ रोजी असे वादळ झाले. त्या वेळी अमेरिकेत मक्याच्या पेरणीचे दिवस होते. तेथील पुष्कळ शेतकरी उपग्रहाच्या मार्गदर्शनाने ट्रॅक्टर चालवितात. त्यांतील अनेकांना पेरणी थांबवावी लागली. आपल्याकडेही जमिनीची मोजणी, पिकांची नोंद आणि नौकांचे दिशादर्शन उपग्रहांवर अधिकाधिक अवलंबून राहू लागले आहे. अलिबागच्या शांत इमारतीत होणारे काम हे त्या दृष्टीने सर्वांच्याच उपयोगाचे आहे.

उपग्रहाला शेत कसे दिसते

हिरवे व निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पीक सुकले, रोगट झाले किंवा पाण्यात बुडाले म्हणजे हे प्रमाण बदलते. उपग्रहावरील यंत्र हे दोन्ही प्रकाश मोजते आणि त्यांच्या तुलनेवरून पिकाच्या स्थितीचा अंदाज करता येतो.

परंतु उपग्रहाची नजर किती बारीक आहे हे समजल्याखेरीज त्याच्या चित्रावर भरवसा ठेवणे योग्य नव्हे. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या आपल्या पहिल्या दूरसंवेदन उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर ७२.५ मीटर लांब व तितकाच रुंद होता. म्हणजे सुमारे ५२ गुंठ्यांची जमीन त्याला एकच ठिपका म्हणून दिसे. नंतरच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील एका कॅमेऱ्याचा ठिपका २३.५ मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठ्यांचा, आणि दुसऱ्याचा ५.८ मीटरचा, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा आहे. कोकणातील खाचरे लहान असतात. पाच गुंठ्यांच्या ठिपक्यात एका शेतकऱ्याचे भात, दुसऱ्याची पडीक जमीन आणि मधला बांध ही सर्व एकत्र मिसळून जाणे अगदी शक्य आहे.

दुसरी अडचण ढगांची आहे. कोकणात भाताची लावणी, बुडीत आणि बांधफुटी या सर्व गोष्टी जून ते सप्टेंबर या काळात घडतात आणि त्याच काळात आकाश झाकलेले असते. साध्या कॅमेऱ्याला ढगांखालचे काही दिसत नाही. त्यासाठी रडार बसविलेले उपग्रह लागतात. त्यांच्या लहरी ढग भेदून जातात आणि रात्रीही काम करतात. साचलेले पाणी रडारच्या चित्रात काळे दिसते. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी आपला ईओएस-०४ हा रडार उपग्रह सोडण्यात आला. भारत व अमेरिका यांनी मिळून तयार केलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. तो दर १२ दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावरून जातो. मात्र बारा दिवसांत भाताचे पुष्कळ काही होऊन जाते, हेही लक्षात ठेवावे.

बांध, तिवर आणि सातबारा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, श्रावणातल्या अमावास्येच्या उधाणाला एका खाजणाचा बांध फुटला. खारे पाणी चार दिवस पिकात राहिले आणि रोपे करपली. त्या चार दिवसांत आकाश ढगाळ होते आणि रडार उपग्रहाची फेरीही झाली नाही. दहा दिवसांनी आकाश उघडले तेव्हा उपग्रहाला त्या जागी हिरवेपणा कमी दिसला. हे शेत उशिरा लावले, पडीक ठेवले की खाऱ्या पाण्याने गेले, हे त्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. ते केवळ बांधावर उभा असलेला माणूसच सांगू शकतो. त्याने त्याच दिवशी नोंद केली असेल तरच ती गोष्ट खरी ठरते.

याहून मोठे नुकसान सावकाश होते. फुटलेला बांध एक-दोन वर्षे दुरुस्त झाला नाही तर भरतीचे पाणी नित्य आत येऊ लागते. पाण्याबरोबर तिवरांचे बी येते, रुजते आणि काही वर्षांत भाताच्या जागी तिवरांचे रान उभे राहते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीस मनाई केली आणि उपग्रहाच्या चित्रांवरून तिवरांचे नकाशे करण्यास सांगितले. तिवरांचे रक्षण आवश्यकच आहे. ती किनाऱ्याची झीज थांबवितात आणि मासळीच्या पिलांना आसरा देतात. परंतु ज्या खाजणात पूर्वी भात होते त्या जागी नकाशात तिवर उमटली, की शेतकऱ्याला ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे फार कठीण होते. सातबाऱ्यावर त्याचे नाव राहते, पण शेत राहत नाही.

अशा वेळी उपग्रहाचे जुने चित्र शेतकऱ्याच्या बाजूनेही साक्ष देऊ शकते. १९७० नंतरच्या दशकापासूनची चित्रे जतन केलेली आहेत. नागपूर येथे १९८८ पासून कार्यरत असलेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र अशी चित्रे व नकाशे शासनाच्या विविध खात्यांसाठी तयार करते. कोणत्या वर्षापर्यंत खाजणात बांध शाबूत होता व भात होते, हे त्यांवरून पुष्कळदा दिसू शकते. मात्र चित्रातील ती हिरवी चौकट कोणाची, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी गावची नोंद पाहिजे. चित्र आणि नोंद यांचा मेळ बसला म्हणजेच पुरावा पूर्ण होतो.

मच्छीमार व हवामान

खाडीकाठच्या गावांत शेती आणि मासेमारी ही दोन्ही कामे एकाच घरात चालतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहांवरून मोजते आणि मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे याची सूचना मराठीतूनही देते. या सूचना विनामूल्य आहेत. ढगाळ हवामानात व मासेमारीबंदीच्या काळात त्या मिळत नाहीत, हे मच्छीमार बंधूंनी जाणून असावे.

हवामानाच्या बाबतीत उपग्रहांचा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याची वाटचाल इन्सॅट मालिकेतील उपग्रहांवरून सतत पाहिली जात होती आणि लोकांना आधीच सुरक्षित जागी हलविता आले. घरांचे, माडांचे व सुपारीच्या बागांचे नुकसान टळले नाही, परंतु पुष्कळ माणसांचे जीव वाचले. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला इन्सॅट-३डीएस हा उपग्रह याच मालिकेतील आहे.

खासगी उद्योगाचा प्रवेश

पूर्वी हे सर्व कार्य शासनच करीत असे. आता त्यात बदल होत आहे. २०१९ मध्ये न्यू स्पेस इंडिया ही शासकीय कंपनी स्थापन झाली. २०२० मध्ये खासगी उद्योगांना परवानगी व प्रोत्साहन देण्यासाठी इन-स्पेस या संस्थेची घोषणा झाली. २०२३ मध्ये अवकाश धोरण जाहीर झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा उद्योगांसाठी १,००० कोटी रुपयांच्या भांडवली निधीस मंजुरी मिळाली. बंगळूरच्या पिक्सेल या कंपनीचे पहिले तीन फायरफ्लाय उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये अवकाशात गेले. प्रकाशाच्या शेकडो छटा वेगवेगळ्या मोजण्याची त्यांची पद्धत पिकावरील रोग व जमिनीतील क्षार ओळखण्यास उपयोगी पडेल अशी अपेक्षा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये याच कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाची सुमारे १,२०० कोटी रुपये खर्चून बारा उपग्रह उभारण्यासाठी निवड झाली.

स्पर्धेमुळे उपग्रह वाढतील, चित्रे बारीक होतील व लवकर मिळतील, हा यातील लाभ आहे. परंतु व्यापार आला म्हणजे किंमतही आली. म्हणून शेतकऱ्याने दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, हवामानाचा अंदाज, मासळीची सूचना आणि इस्रोच्या भुवन या नकाशासेवेवरील सर्वसाधारण चित्रे विनामूल्य पाहता येतात. तीच माहिती नव्या वेष्टनात घालून कोणी विकू लागल्यास पैसे देण्यापूर्वी विचारपूस करावी. दुसरी ही की, जो कोणी उपग्रहावरून खताची वा औषधाची मात्रा सांगेल, त्याची सूचना प्रथम एका लहान खाचरात पडताळून पाहावी.

पीक विम्यातही हे तंत्र आले आहे. २०२३ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भात व गहू यांच्या उत्पादनाचा अंदाज करताना ३० टक्के भार उपग्रहासारख्या तांत्रिक साधनांवरील अंदाजाला देण्याची पद्धत सुरू झाली. उरलेला भार पीक कापणी प्रयोगांवर राहिला. विम्याचा हिशेब महसूल मंडळाच्या सरासरीवर होतो. त्यामुळे मंडळातील माळावरचे भात उत्तम आले आणि खाजणातले बुडाले, तर सरासरीत खाजणाचे दुःख लपून जाते. भात पाण्यात बुडून होणारी वैयक्तिक हानी २०१८ मध्ये योजनेतून वगळण्यात आली होती. ती २०२६ च्या खरिपापासून पुन्हा समाविष्ट करण्याचे केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यासाठी ७२ तासांच्या आत स्थळाच्या नोंदीसह छायाचित्र पाठवून सूचना देणे आवश्यक आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

१. ई-पीक पाहणी ही पद्धत राज्यात २०२१ पासून सुरू आहे. प्रत्येक खातेदाराकडून ती वेळेवर आणि प्रत्यक्ष शेतात उभे राहूनच करून घ्यावी. घरी बसून केलेली नोंद पुढे शेतकऱ्याच्याच विरुद्ध जाते.

२. गावातील खारबांधांची यादी करावी. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक बांधाचे व उघाडीचे दिनांकासह छायाचित्र घ्यावे. अमावास्या व पौर्णिमेच्या उधाणानंतर बांधावरून फेरी मारावी.

३. बांध फुटल्यास त्याच दिवशी तिथी, भरतीची वेळ, पाणी किती दिवस राहिले आणि कोणत्या गटातील पीक गेले हे लिहून ठेवावे. शेतकऱ्याला विम्याची सूचना ७२ तासांत पाठविण्यास मदत करावी.

४. फुटलेला बांध तिवर रुजण्याच्या आत दुरुस्त व्हावा म्हणून ग्रामपंचायतीमार्फत लेखी मागणी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. जेथे तिवर आधीच उभी आहेत तेथे मात्र स्वतःहून तोड करू नये. जुन्या नोंदी व चित्रे घेऊन रीतसर दाद मागावी.

५. एप्रिल-मे महिन्यांत, जमिनीवर क्षार पांढरे दिसतात त्या वेळी, मातीचे नमुने तपासणीसाठी पाठवावेत. विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक आढळल्यास पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राच्या सल्ल्याने क्षार सहन करणारी भातजात निवडावी.

६. पीक कापणी प्रयोगाच्या वेळी शेतकऱ्यांना हजर राहण्यास सांगावे. प्रयोगाचे खाचर नियमाप्रमाणे निवडले जाते की नाही हे पाहण्याचा त्यांना हक्क आहे.

उपसंहार

उलव्याच्या भूमीचे जे रूपांतर झाले त्याची चित्रे अवकाशात फिरणाऱ्या उपग्रहांनी वर्षानुवर्षे टिपली आहेत. हिरवी खाजणे, पांढरी मिठागरे, टेकडी आणि मग धावपट्टी असा क्रम त्यांत पाहता येतो. परंतु त्या खाजणात कोणाचे किती भात होत असे, कोणता बांध कोणी श्रमदानाने घातला होता, हे त्या चित्रांत कोठेही लिहिलेले नाही. ज्यांनी ते लिहून ठेवले त्यांच्याकडे ते राहिले.

"माझा बांध फुटला, त्याचे काय?" या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढेच सांगता येईल की, उपग्रह बांध बांधू शकत नाही. फुटलेल्या बांधाची साक्ष मात्र तो देऊ शकतो, आणि तीही खालून कोणी साथ दिली तर. शासनाने अवकाशात साधने उभी केली आहेत व खासगी उद्योगही आता त्यांत भर घालीत आहेत. त्यांचा लाभ उरण, पेण व अलिबागच्या खाजणापर्यंत पोहोचविण्याचे उरलेले काम वही, पेन्सिल व मोबाइल घेऊन बांधावर जाणाऱ्या कार्यकर्त्याचे आहे. येत्या उधाणापूर्वी प्रत्येक खाडीकाठच्या गावात बांधांची यादी तयार झाली, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे होईल.